हनुवटीखालची गोफण

मी एक जुनी गोफण आहे. शेळीच्या काळ्या केसांच्या दोन दोऱ्या आणि त्यांच्या मध्ये तळहाताएवढा विणलेला पट्टा. एका दोरीच्या टोकाला बोट अडकवायला फास, दुसरीच्या टोकाला गाठ. एवढंच माझं शरीर. सध्या माझा मुक्काम एका शाळेच्या कपाटात, पृथ्वीचा गोल आणि फुटकं भिंग यांच्यामध्ये आहे. मुलं काचेला नाक लावून विचारतात, "हा काय, चपलेचा पट्टा?" मला राग येत नाही. दोरीला राग येत नसतो.

मित्रांनो, माझं कूळ मात्र फार जुनं. शाळेतल्या बाई वर्गात सांगतात ते मी कपाटातून ऐकते. बंदुका नव्हत्या तेव्हा सैन्यात गोफणवाल्यांच्या तुकड्या असत. त्यांच्या शिशाच्या गोळ्या जमिनीत सापडल्या आहेत आणि काहींवर चक्क 'झेल' अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. मारतानाही थट्टा करायची माणसाची खोड तेव्हापासूनची. एका बेटावरचे गोफणवाले म्हणे तीन-तीन गोफणी बाळगत. लांबच्या माऱ्याला एक, जवळच्याला एक, मधल्या अंतराला एक. त्यातली एक डोक्याला गुंडाळलेली असे.

मी लढाई पाहिली नाही. मी शेळ्या राखल्या. तरी एकदा माझ्यातून सुटलेल्या दगडाने माणूस जखमी झालं. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मला विणलं ते थोरलीने. डोंगरउतारावरच्या एका घरात दोन जावा राहत होत्या. त्यांचे नवरे, दोघे भाऊ, लांब खाणीत कामाला. शेळ्या जावांनीच सांभाळायच्या. थोरलीने दाराच्या खुंटीला दोरा बांधला, दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि बसल्या बैठकीला मला विणून काढलं. मग ओढून पाहिलं, पाण्यात भिजवलं, उन्हात वाळवलं आणि पुन्हा ओढून पाहिलं. ती कमी बोलायची आणि जे करायची ते नीट करायची.

तिचा नेम काय सांगू! शेळी कळप सोडून भलतीकडे निघाली, की थोरली मला डोक्याभोवती गरगर फिरवी आणि गाठ सोडून देई. दगड शेळीच्या नाकापुढे पडे. अंगाला कधीच लागत नसे. शेळी दचकून मागे वळे. येणारे-जाणारे उभे राहून बघत.

धाकटी अगदी उलट. तिच्या तोंडाला कुलूप ठाऊक नव्हतं. शेळ्यांशी बोले, चुलीशी बोले, पाठीवर शालीच्या झोळीत बांधलेल्या तान्ह्या मुलीशी बोले. मनाने वाईट नव्हती, पण जीभ सैल. एकदा शेळ्यांचे केस कातरायला शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या जाऊबाईंचा नेम आता असा झालाय, की शेळीनेच दगड बघून जागा बदलावी!"

बायका खो-खो हसल्या. थोरली हातातली कात्री ठेवून उठली. दुसऱ्या दिवशी घरात दोन चुली पेटल्या.

धाकटीला वाटलं, जाऊबाईंना थट्टा सोसली नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं. दगड हल्ली नाकापुढे पडत नव्हते. कधी शेपटीमागे पडत, कधी भलत्याच शेळीजवळ. थोरली सोडण्याआधी डोळे बारीक करी, डोकं कलतं धरी. पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

चुली वेगळ्या झाल्या हे शेळ्यांना कुणी कळवलं नाही. त्यामुळे त्या एकत्रच चरायला जात आणि त्यांच्यामागे दोघी जावा, मध्ये चांगलं अंतर ठेवून.

एका दुपारी घळीतून दोन रानकुत्री वर आली. कळप बावरला. एक करडू मागे राहिलं. धाकटी, पाठीवर मूल असूनही, त्याच्याकडे धावली. थोरली वरच्या अंगाला होती. तिने मला कमरेवरून ओढलं, दगड घातला, फिरवलं. समोर तिला तपकिरी काहीतरी हललेलं दिसलं. कुत्रंही तपकिरी होतं आणि धाकटीची शालही. तिने गाठ सोडली.

दगड खडकावर आपटून उसळला आणि धाकटीच्या जबड्यावर लागला. ती ओरडली नाही. मटकन खाली बसली. पाठीवरचं मूल मात्र किंचाळून रडू लागलं. त्या गलक्याने कुत्री पळाली.

थोरली धडपडत खाली आली. जवळ पोचल्यावरच तिला कळलं की समोर कोण आहे. तिने मला काट्यात भिरकावून दिलं. मूल आधी चाचपून पाहिलं, ते धड होतं. मग धाकटीचा चेहरा ओंजळीत धरला. जबडा एका बाजूला लोंबत होता, ओठातून रक्त येत होतं. थोरलीने डोक्याचा रुमाल काढून बांधायचा प्रयत्न केला, पण तो सुळकन निसटला. पुन्हा बांधला, पुन्हा निसटला.

धाकटीने हात वर करून काट्यांकडे बोट दाखवलं. माझ्याकडे.

"हो गं, तीच," थोरली रडत म्हणाली. "तीच आणि मीच. मी मारलं तुला. काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण आधी खाली चल."

धाकटीने चिडून तिच्या दंडावर चापट मारली आणि पुन्हा बोट दाखवलं. थोरली नुसती रडत राहिली. शेवटी धाकटी स्वतः सरकत काट्यांपर्यंत गेली, मला ओढून काढलं, माझा पट्टा हनुवटीखाली धरला आणि दोन्ही दोऱ्या वर करून थोरलीच्या हातात दिल्या.

तेव्हा थोरलीला उमगलं. तिने दोऱ्या माथ्यावर नेल्या, पीळ दिला, डोक्यामागून फिरवून कपाळावर गाठ मारली. जिथे दगड बसे तिथे हनुवटी बसली. हलेना.

थोरलीने शालीची झोळी आपल्या छातीशी बांधली, मूल त्यात घेतलं आणि एका हाताने धाकटीला सावरत डोंगर उतरायला लागली. गंमत बघा, आयुष्यभर बडबडणारी गप्प होती आणि गप्प राहणारी सारखी बोलत होती.

"झोपू नकोस हं. माझं ऐकतेयस ना? मला दिसत नाही गं नीट. सगळं धुक्यातलं दिसतं. तू त्या दिवशी खरं तेच बोललीस, म्हणून तर मला लागलं. तू म्हणालीस म्हणून नाही, खरं होतं म्हणून."

धाकटी थांबली. थोरलीकडे बघितलं. मग तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवून घेतला आणि पुढची वाट तीच दाखवू लागली. जबडा फुटलेली पुढे, डोळे गेलेली मागे, मध्ये झोळीत मूल. त्या दोघी खाली पोचल्या कशा, हे मी हनुवटीखालून पाहूनही मला नीट सांगता येणार नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला निरखून पाहिलं. "हे कोणी सुचवलं?"

थोरलीने धाकटीकडे बोट केलं.

"छान! फार जुने वैद्य जबडा असाच बांधायचे. त्या पट्टीला ते गोफणच म्हणायचे." बाईंनी मला सोडून पांढऱ्या कापडाची तशीच पट्टी बांधली. "हाड मोडलंय, पण जागेवर आहे. जुळेल. बोलायचं नाही, चावायचं नाही. पातळच घ्यायचं."

मला गरम पाण्यात धुऊन खुंटीवर टांगलं. तिथून मी घर बघत राहिले. थोरली सकाळ-संध्याकाळ दूध तापवून आणी. धाकटी पोकळ काडीने ते ओढून घेई. दूध तापवायला कुठली चूल, असा प्रश्न कुणी काढला नाही आणि दुसरी चूल कधी थंड झाली तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. मूल थोरलीच्या मांडीवरून उतरून रांगायला शिकलं. घर इतकं शांत झालं, की शेळ्याच दारातून डोकावून जात.

हाड जुळलं. पट्टी निघाली. धाकटीने जबडा इकडून तिकडे हलवून पाहिला. थोरली तिच्यासमोर येऊन बसली, पदर आवळून, जशी माणसं निकाल ऐकायला बसतात.

"बोल," ती म्हणाली. "जे साठलं असेल ते सगळं बोल. मी उठून जाणार नाही."

"पहिलं म्हणजे जाऊबाई," धाकटीचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला, "दुधात साखर घालतात. मीठ नाही."

थोरलीला काही कळेना.

"रोज खारं दूध प्यायले मी. दोन्ही डबे सारखेच आहेत, तुम्हाला ओळखू येत नव्हते."

"अगं, मग खूण करायची ना!"

"केली होती. पहिल्याच दिवशी. तुम्हाला दिसली नाही."

थोरलीने तोंडावर हात घेतला. आधी ती हसली, मग तिला हसू आवरेना, मग हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते मला खुंटीवरून कळलं नाही.

"उद्या डॉक्टरबाईंकडे जायचं," धाकटी म्हणाली. "डोळे दाखवायला. मी येते बरोबर. आणि आता सरका, दूध मी करते."

दगडाचा विषय तिने काढला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

थोरलीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तो काढला. तिला चांगलं दिसू लागलं, पण तिने मला पुन्हा फिरवलं नाही. धाकटीला शिकवलं. धाकटीचा नेम बेताचाच होता, पण ती सोडण्याआधी इतकी मोठ्याने ओरडायची, की शेळ्या दगडाआधीच वळत. पुढे माझे केस झिजले, कसरीच्या किड्यांनी पट्टा पोखरला आणि तिने मला शाळेला देऊन टाकलं.

मित्रांनो, जुनी केसांची किंवा लोकरीची वस्तू घरात असेल तर तिला अधूनमधून ऊन दाखवा, एवढंच माझ्यासाठी मागते. आणि घरातलं कुणी पायरीवर अडखळत असेल, ओळखीच्या माणसाला हाक मारायला बिचकत असेल, साखरेच्या जागी मीठ घालत असेल, तर हसून मोकळे होऊ नका. जवळ जा. त्यांना दिसेल इतक्या जवळ जा, आणि हात धरून म्हणा, "चला, मी येते बरोबर."