शुक्रवारी देव्हाऱ्यात बसणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. वाटोळी काच, पितळी कड आणि वीतभर दांडा. बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या एका लहानशा कारखान्यात माझ्या काचेच्या पाठीवर चांदीचा पातळ थर चढला आणि मला दिसू लागलं. सगळ्यात आधी दिसलं ते मला घडवणाऱ्या कारागिराचं नाक.

ज्योतिबांनी मला आपल्या बायकोसाठी, गंगव्वांसाठी घेतलं. दोघं तेव्हा निपाणीहून बेंगळुरूला नवीनच आले होते. पुढची तीसेक वर्षं गंगव्वा रोज माझ्यात पाहून कुंकू लावत. दर शुक्रवारी मला देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहत. मला त्याचा फार अभिमान होता. मग न्हाणीघरात मोठा आरसा आला आणि मी कपाटाच्या खणात गेलो. तिथून फक्त शुक्रवारी बाहेर येई.

गंगव्वांना मधुमेह जुनाच होता. दोन वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं, तेव्हापासून शिवलीला नावाची नर्स दर शनिवारी घरी येऊ लागली. सात कप्प्यांच्या डबीत ती आठवड्याच्या गोळ्या भरून देई. सुई रोज जागा बदलून कशी टोचायची, हे तिनेच शिकवलं. एकदा तिने गंगव्वांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा बारीक तंतू त्यांच्या तळव्यांना दहा ठिकाणी टेकवला. सहा ठिकाणी गंगव्वांना काहीच कळलं नाही.

"अक्का, तुमचे पाय आता दुखलं तरी सांगणार नाहीत," शिवलीला म्हणाली. "रोज डोळ्यांनी बघायचं. दांड्याचा आरसा आहे का घरात?"

ज्योतिबांनी मला खणातून काढलं. खरं सांगतो, मित्रांनो, मला अपमान वाटला. कुंकू दाखवणाऱ्याने आता टाचेच्या भेगा दाखवायच्या? गंगव्वांनाही ते रुचलं नाही. पण त्यांच्या थोरल्या बहिणीच्या पायाला अशीच एक जखम झाली होती. ती वेळेवर कुणी पाहिली नाही आणि पाय गुडघ्याखालून गेला. त्या आठवणीने गंगव्वा तयार झाल्या. अट एकच. "शुक्रवारी नाही हं. त्या दिवशी आरसा म्हणजे लक्ष्मी. तिला पाय दाखवू होय?"

मला ते अगदी पटलं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी गंगव्वा बनशंकरीला देवळात गेल्या. तिथल्या रीतीप्रमाणे राहुकाळात लिंबाच्या अर्ध्या सालीत दिवा लावला आणि साडेअकराच्या उन्हात अनवाणी अकरा प्रदक्षिणा घातल्या. घरी येऊन ज्योतिबांना म्हणाल्या, "बाकीच्या बायका चटके बसून पळत होत्या. मला देवीनं कायसुद्धा होऊ दिलं नाही बघा." मी देव्हाऱ्यातून ते ऐकलं आणि मलाही धन्य वाटलं.

शनिवारी शिवलीला आली. "काल तळवे बघितले?"

"काल शुक्रवार होता की."

तिने मला उचलून त्यांच्या पावलाखाली धरलं. मला जे दिसलं, तेच तिला दिसलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा फोड होता आणि भोवतीची कातडी लालभडक झाली होती. गंगव्वांनी माझ्यात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "माझा पाय जाणार का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आज दिसलाय, म्हणून नाही जाणार," शिवलीला म्हणाली. तिने फोड फोडला नाही. त्यावर स्वच्छ पट्टी ठेवली आणि त्यांना तडक डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर ती मला पुसत म्हणाली, "अक्का, दारात रांगोळीनं लक्ष्मीचं काय काढता?"

"पावलं."

"पावलंच पुजता ना? मग तुमच्या पावलांचा तिला राग कसा येईल?"

ज्योतिबा हसले. "चाळीस वर्षं माझं तोंड बघितलंस, तळवे बघायला काय होतंय तुला?"

"तळवे बरे दिसतात," गंगव्वा म्हणाल्या.

मग रोज ड्रेसिंग झालं. डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस बदलला. पायावर भार नको म्हणून ज्योतिबांनी स्वयंपाकही केला आणि गंगव्वांनी तो, तक्रार करत का होईना, खाल्ला. मी दिवसातून दोनदा तो फोड पाहत होतो. आधी त्याची कड सुकली. मग आतून गुलाबी कातडी वर आली. सव्विसाव्या दिवशी तिथे फक्त एक फिकट डाग उरला होता. इतकं सुंदर मी आयुष्यात काही दाखवलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी सात वाजता, फरशी गार असताना, गंगव्वा देवळात गेल्या. पायात पांढरे सुती मोजे आणि पिशवीत मी. भाग्यलक्ष्मी नावाची त्यांची मैत्रीण म्हणाली, "काय अक्का, थंडी वाजतीय का?"

गंगव्वा सावलीत पायरीवर बसल्या. मोजा काढला, मला तळव्याखाली धरलं आणि सगळी हकीकत सांगितली. भाग्यलक्ष्मीचं हसू थांबलं. तिलाही साखर होती. "स्वल्प, जरासा इकडे दे," ती म्हणाली. मग मी हातोहात फिरलो. पाच जणी पाय वाकडे करून आपापले तळवे पाहत होत्या. एकीने तर वीस वर्षांत स्वतःची टाच पाहिली नव्हती. "ही माझीच का?" म्हणून ती इतकी हसली, की मी तिच्या हातात थरथरू लागलो.

मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांना साखर असेल, तर संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, आरसा धरा आणि त्यांचे तळवे बघा. एकही वार सोडू नका. माझ्यासमोर जे धरलं जातं, तेवढंच मी दाखवू शकतो. समोर धरणं तुमच्या हातात आहे.