नायकाची फरदड
फुलसिंग तांड्याचा नायक. भांडणतंट्यात न्याय त्याचा, आणि त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणूनच त्या हिवाळ्यात केळापूरहून आलेला शेतकी खात्याचा माणूस थेट त्याच्याच दारी आला.

"बोंडअळी आता बीटीच्या बियाण्यालेही जुमानत नाही, नायक. थंडीही पह्यल्यासारखी पडत नाही, मंग अळी मरन कशी? उभ्या पऱ्हाटीतच जगते ती. पऱ्हाटी उपटून वावर रिकामं ठेवा. फरदड घेऊ नका."

वेचा संपल्यावर कपाशीच्या त्याच पऱ्हाटीला पाणी देऊन आणखी कापूस काढायचा, ती फरदड. फुकटचं पीक कोणाला सुटतं? पण नायकानं सेवालाल महाराजांच्या देवळापुढं सगळ्यांना शपथ घातली आणि तांड्याची वावरं साफ झाली.

एक सोडून. टेकडीमागं विहिरीपाशी नायकाची पऱ्हाटी हिरवीगार उभी होती, बोंडांनी लगडलेली.

"एवढ्याशानं काय होते?" तो बायकोला म्हणाला.

"अळीले काय समजते, नायक कोण अन् कोतवाल कोण?" भुरीबाई म्हणाली. तो नुसता हसला. नायकाच्या वावरात डोकावायची कोणाची छाती होती!

पुढच्या दिवाळीला जे बोंड फोडावं त्यात गुलाबी अळी. फवारे मारून माणसं आजारी पडली, अळी ढिम्म. इतकी वर्षं ती थोडी थोडी वाढत होती, तेव्हा निभावलं. यंदा कडेलोटच झाला.

देवळापुढं बैठक बसली. "कोणाच्या वावरातून आली?" पहिलाच सवाल. बोलावं, आत्ताच बोलावं, असं फुलसिंगला वाटत होतं आणि जीभ उचलत नव्हती.

तेवढ्यात लालीबाई उठली. तांड्यातली एक विधवा, तिला वावरच नाही.

"नायक, मी पापीण. दिव्याच्या वातीसाठी अंगणात दोन झाडं राहू देल्ली होती म्या. माह्याच्यानंच झालं हे." ती ढसाढसा रडू लागली.

"दंड लावा!" कोणीतरी ओरडलं. भुरीबाई नवऱ्याकडं एकटक पाहत होती.

दोन झाडांनी काही होत नाही बाई, माझं अख्खं वावर उभं होतं. एवढंच तर बोलायचं होतं. लाजेनं फुलसिंगचे कान तापले. त्यानं घसा खाकरला.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "माणूस चुकते. माफ केलं तिले."

नायकाचं मन मोठं, असं जो तो म्हणू लागला. लालीबाईनं पुढं येऊन त्याचे पाय धरले, आणि त्याला ते मागंही घेता आले नाहीत.