ओ निगेटिव्ह : शून्य

रंजिताने माऊस इतक्या जोरात आपटला की रक्तपेढीच्या खिडकीपाशी उभी असलेली माणसं दचकून मागे सरली. आपटणारच. समोर स्क्रीनवर 'ओ निगेटिव्ह : ०' असं ठळक दिसत होतं, आणि तिच्यासोबत काम करणारा लोकेश डबा धुऊन येत येत निवांत सांगत होता, "एक पिशवी आहे ना. अकरा वाजता ऑपरेशन कॅन्सल झालं, वापस आली. मीच एन्ट्री केली."

"अन् बारा वाजता मी एका बापाला नाही म्हणून परत पाठवलं!"

तो बाप म्हणजे सालेकशाकडचा दुधराम. त्याची नऊ वर्षांची रेणू वरच्या वॉर्डात होती. सिकलसेलचं दुखणं, हिमोग्लोबिन चारवर घसरलेलं, आणि डॉक्टर म्हणाले होते की आजच्या आज रक्त चढलं पाहिजे. रंजिताने साठ्याचं पान उघडलं, शून्य पाहिलं आणि सांगून टाकलं, "नाही. नागपूरला बघा." रेणूच्या रक्ताचा नमुना खिशात घालून तो स्टेशनकडे पळत सुटला. या गोष्टीला आता दोन तास झाले होते.

मागच्याच वर्षापर्यंत, म्हणजे दोन हजार पाचपर्यंत, फ्रिजशेजारी खडूची पाटी टांगलेली असे. पिशवी ठेवणारा पुसून नवा आकडा लिही, काढणाराही लिही. मग कॉम्प्युटर आला आणि रक्तपेढीचे प्रमुख भैयाजी यांनी पाटी काढून टाकली. ट्रस्टची माणसं येतात, बरं दिसत नाही म्हणे! वर फर्मान काढलं : फ्रिज उगाच उघडायचा नाही, स्क्रीनवर आहे तेच खरं.

आणि स्क्रीन कशी, तर कॉम्प्युटरवाल्या हिमांशूने बनवलेली. प्रोग्राम सुरू करताना साठ्याचं पान जे आकडे वाचून घेई, ते दिवसभर तसेच. आवक पानावर नवी पिशवी भरा, परत साठ्यावर या, तरी सकाळचीच शिळी भाकर ताटात. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला तरच खरा आकडा दिसे, आणि त्या मरतुकड्या मशीनला उघडायला दहा मिनिटं लागत. रंजिताने तीनदा तक्रार केली होती. हिमांशूने तीनदा हात झटकले होते.

तिने आधी पिशवी काढली, रेणूचा पेढीत राहिलेला सकाळचा नमुना जुळवून पाहिला, लोकेशच्या हाती रक्त वर धाडलं. मग हिमांशूला बोलावून घेतलं. तो आला तो हसतच.

"मॅडम, प्रोग्राम एकदम बरोबर आहे. सिर्फ बंद करके चालू करना है."

"पान बदललं की आकडे पुन्हा वाचायला लावता येतात का नाही?"

"येतात ना. दो लाइन का काम है."

दोन ओळी! रंजिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग चार महिने काय करून राहिले होते तुम्ही? माणूस मरन तेव्हा लिहाल का त्या ओळी? बसा इथं. लिहिल्याशिवाय उठू देणार नाही!"

हिमांशूचं हसू मावळलं. तो खुर्चीत बसला.

भैयाजी मात्र तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आरडाओरड नको. पिशवी आत्ताच आली, असं सांगा वर."

ती वर गेली. रेणूच्या हातात सुई लागली होती, थेंब पडत होते. आई अन्नपूर्णा पाय चेपत बसली होती. भैयाजींचं वाक्य रंजिताच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"बाई, रक्त सकाळपासूनच होतं. कॉम्प्युटरनं दाखवलं नाही."

अन्नपूर्णाने मान वर केली. "अन् तुमी? तुमी उठून काऊन नाही पाह्यलं?"

पान शिळं असतं हे रंजिताला चांगलं माहीत होतं. खिडकीला गर्दी होती, बंद-चालू करायचा कंटाळा आला होता. एवढंच. सगळा राग हिमांशूवर काढला, त्यातला अर्धा तिच्याच वाट्याचा होता.

"रेणूचा बाप तिकडं दारोदार फिरून राहिला असन," अन्नपूर्णा म्हणाली. "त्याच्यापाशी फोन नाही. त्याले कोन सांगन?"

खाली येऊन रंजिताने नागपूरच्या रक्तपेढ्यांना एकामागून एक फोन लावले. चौथ्या ठिकाणी एक बाई म्हणाल्या, "हो, आला होता. आमच्याकडे नाही म्हटलं तर खूप रडला, हातापाया पडला. मग गेला."

"कुठं गेला? जाऊ कसं दिलं तुम्ही त्याला?" रंजिता ओरडली.

"अहो, माझ्यावर काय चिडता?" त्या बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे नव्हतं, म्हणूनच आला ना तो?"