डोळे मिटायचा नाच

"माझ्या पाळीचं पाणी तुझ्या वाफ्यात गेलं कसं? पायांनी चालत गेलं होय?"

सकाळी सकाळी खोरं घेऊनच मी धाकट्या जावेच्या बांधावर उभी राहिले. माझी मिरचीची रोपं माना टाकून पडलेली आणि हिच्या वाफ्यात हा चिखल!

"अक्का, मी नाही पाट फोडला. मलाही आत्ताच दिसलं."

"तर! मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून जगाला दिसत नाही वाटतं?"

अजून एक पाळी हुकली तर वर्षाची मिरची गेली. डोकं भणभणत होतं नुसतं.

त्याच दिवशी आमचा नाच होता. आम्ही डोंगरातली माणसं, पेरणी आटोपली की नाचतो. पुढं चालणारा आजा सोडला तर सगळ्यांनी डोळे मिटायचे, पुढच्याची कंबर धरायची आणि ढोलाच्या ठेक्यावर बांधाबांधानं विहिरीला वळसा घालून यायचं. बी मातीत पडतं तेव्हा त्याला कुठं दिसतं वर कोण राखतंय ते? तसंच हे. आणि मनात खोट असली की पापणी मिटलेली राहत नाही, असं जुनी माणसं सांगतात.

मी भर खळ्यात बोलून बसले, "आज जिचे डोळे उघडतील ती पाण्याची चोर. तिची पाळी पुढच्या शेताला!"

आजा म्हणाला, "पोरी, नाचात भांडण आणू नये." पण लोकांना तेवढंच हवं होतं. "होऊन जाऊ दे!" सुतार ओरडला.

जावेला मी मुद्दाम माझ्या मागं धरायला लावलं. विहिरीपाशी ओळ वळली तशी मी हळूच मान फिरवून बघितलं. अगं बाई! सुतार, सुईण, शेळीवाली, माझा सख्खा दीर, सगळे टकाटका एकमेकांकडं बघतायत! डोळे मिटलेले एकटीचे, माझ्या जावेचे.

तेवढ्यात माझ्या पायाखालचा दगड सुटला आणि डुबकन विहिरीत पडला. बघता बघता मी कडेला आले होते, तिला घेऊन. ती थांबली, पण डोळे तसेच. कंबर तेवढी घट्ट धरली.

खळ्यात आल्यावर आजानं विचारलं, "कुणाचे उघडले?"

सगळ्यांच्या माना खाली. मग सुईण म्हणाली, "मधेच ओळ थांबली बाई. धाकटीचेच उघडले असतील."

मी गप्प बसले असते तर माझं खरं झालं असतं. पण राहवेना. "माझे उघडले," मी म्हटलं. "तिचे मिटलेले होते."

झालं! सगळे तुटून पडले. "मोठी जाऊ ना तू? लाज नाही वाटत?" सगळ्यांत वरचा आवाज सुताराचा. पाट फोडणारा यांच्यातलाच, म्हणून मी एकेकाचं तोंड न्याहाळलं. सगळी साळसूद. माझी पाळी पुढच्या शेताला गेली. पुढचं शेत सुताराचं.

परतताना मी जावेला विचारलं, "दगड पडलेला ऐकलास ना? मग डोळे का नाही उघडलेस?"

"पुढं तुम्ही होता ना, अक्का."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिरची त्या साली गेलीच.