मेणाने बुजवलेली भोके

गणपत मेस्त्री मोटरहोमच्या छतावर पालथा पडून पुढच्या सांध्यात भरलेले सीलंट पातळ पट्टीने खरवडत होता, आणि खाली शिडी धरून उभ्या असलेल्या हितेंद्र मानकरांना ठाऊक होते की तो चुकीच्या जागी खरवडतो आहे. ठाऊक त्यांना कालपासूनच होते. काल संध्याकाळी टॉर्चचे सेल शोधताना सुमतीबाईंच्या हाती कपाटाच्या खणातून पितळेची एक क्लिप आणि दोन स्क्रू लागले होते.

"अहो, हे गुढीचं ना?" त्यांनी विचारले होते.

"असेल," मानकर म्हणाले होते; आणि नंतर जेवताना त्यांना आमटीची चव लागली नव्हती.

गोष्ट पाडव्याची. गिरगावातली त्यांची जुनी इमारत पाडून तेथे मनोरा उभा राहिला होता, आणि एकविसाव्या मजल्यावरच्या नव्या घरात खिडकीबाहेर काहीही लावण्यास सोसायटीने लेखी मनाई केली होती. मानकरांनी त्या नियमाविरुद्ध सभेत पाऊण तास युक्तिवाद केला आणि ते हरले. तेव्हा त्यांनी घरी जाहीर केले की ज्याला स्वतःचा उंबरा आहे ते घर. मोटरहोमला उंबरा आहे. सबब यंदाची गुढी मोटरहोमवर. सुमतीबाईंनी सुचवले, मागच्या शिडीला सुतळीने बांधू या. "जिच्यावर पाय पडतात त्या शिडीला गुढी बांधायची?" असे विचारून मानकरांनी तोही मुद्दा जिंकला, आणि छताच्या मागच्या कडेला ड्रिलने दोन भोके पाडून क्लिप बसवली. गुढी सरळ, देखणी उभी राहिली. सूर्यास्ताला ती उतरवल्यावर त्यांनी क्लिप काढली, भोकांत मेणबत्तीचे मेण ओतले आणि बोटाने गुळगुळीत केले. पांढऱ्या पत्र्यावर पांढरे मेण. दोन हातांवरूनही दिसेना.

गाडी ताब्यात देताना गणपतने एकच गोष्ट बजावली होती. "साहेब, आत काय वाटेल ते करा. छताला भोक पाडायचं झालं तर आधी मला फोन." कदाचित म्हणूनच ती भोके मानकरांनी इतकी मन लावून विसरली. मे महिन्यात पत्रा तव्यासारखा तापला असणार. त्या मेणाचे काय झाले असेल, हे सांगायला मेस्त्री लागत नव्हता.

जुलैत पाणी टपकू लागले ते मात्र पुढे, बिछान्याच्या डोक्यावर. आतल्या प्लायला पोफडे आले, गादी कुजली. मानकरांची छत्तीस वर्षे सॉलिसिटरच्या कचेरीत दस्तांचे मसुदे करण्यात गेली होती. त्यांनी गणपतच्या नावे तक्रार लिहिली: अकरा परिच्छेद, प्रत्येकाला क्रमांक. मोटरहोमवाल्यांच्या व्हॉट्सॲप समूहावर ती टाकली, तेव्हा तिला त्रेसष्ट अंगठे मिळाले. नवव्या परिच्छेदातले एक वाक्य त्यांनी चार वेळा घासूनपुसून घेतले होते: "ज्या कोणी हे सांधे भरले, त्याच्या हाती यापुढे छताचे काम देणे हा ग्राहकाचा विश्वासघात होय." आधी तेथे 'निष्काळजीपणा' हा शब्द होता. तो त्यांना फिका वाटला.

ज्या कोणी म्हणजे दत्ताराम. गणपतचा मेहुणा, लालबागचा, पंचावन्नच्या घरातला, छताचे सांधे भरण्यात सगळ्या कॉटन ग्रीनमध्ये नावाजलेला. तो आज गणपतच्या शेडच्या कोपऱ्यात बसून बाकड्याच्या फळ्यांना पॉलिशपेपर मारत होता. मानकर आत आले तेव्हा त्याने मान वर केली नव्हती.

"दत्ताराम वर येत नाही?" मानकरांनी विचारले.

"त्याला नाही चढवत आता," गणपत वरून म्हणाला. "तुमचं लेटर आल्यापासून. दादरचे ते दाताचे डॉक्टर, दीपक साहेब, त्यांची गाडी आपल्याकडेच बनायची होती. लेटर वाचून थांबले. बोलले, आधी ह्या गाडीचं काय निघतं ते बघू."

हाच तो क्षण होता. मानकरांनी तोंड उघडलेही. पण मनात जो वकील छत्तीस वर्षे पोसला होता, तो आडवा आला. पाणी पडते पुढे, भोके आहेत मागे. अंतर सोळा फुटांचे. मेण टिकलेही असेल. सांध्यात दोष असूही शकेल. सिद्ध झालेले नसताना कबुली कशाची द्यायची? युक्तिवाद निर्दोष होता, आणि तो पुरा होईपर्यंत गणपतने आणखी हातभर सीलंट उखडले.

दोन तासांनी तो खाली उतरला. उखडलेल्या सीलंटची लांब पट्टी त्याने दत्तारामपुढे टाकली. दत्तारामने ती उचलली, ताणून पाहिली. ती रबरासारखी लांबली आणि पुन्हा आखडली.

"ह्यात काय खराब आसा, भावजी? दाखव बघया."

"मी कुठं बोललो खराब आहे?"

"मग उपटलंस कित्याक?"

गणपतने मानकरांकडे पाहिले आणि घाम पुसला. "साहेब, आता पंक्चरवाल्याचा इलाज. पंक्चरवाला ट्यूबमध्ये हवा भरून पाण्यात धरतो ना, तसंच. फक्त ही ट्यूब वीस फुटांची, पाण्यात बुडत नाही. म्हणून पाणी वर मारायचं."

गाडीच्या दारांच्या आणि खिडक्यांच्या फटींना त्याने चिकटपट्ट्या लावल्या आणि एका खिडकीतून आत हवा सोडणारा ब्लोअर बसवला. हवा आत कोंडली की ती जेथून बाहेर पडेल, तेथे साबणाच्या पाण्याला बुडबुडे येणार. फवाऱ्याचा पंप मानकरांच्या हाती देऊन तो म्हणाला, "तुम्ही मारा. तुमच्या डोळ्यांदेखत होऊ दे. उद्या परत लेटरमध्ये नको, की मेस्त्रीनं गोलमाल केला."

मानकर वर चढले आणि गुडघ्यांवर सरकत पुढच्या सांध्यापासून फवारू लागले. दत्तारामचे जे काम अजून शाबूत होते त्यावर साबण निवांत पसरला. एक बुडबुडा नाही. झरोक्याच्या चौकटीभोवती नाही. कडेच्या पट्ट्यांवर नाही. गणपत मागोमाग सरकत होता आणि प्रत्येक जागी "ओके" म्हणत होता. मागच्या कडेशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

"मारा ना साहेब. संपलं काय पाणी?"

त्यांनी फवारले. दोन बुडबुडे शेजारीशेजारी फुगले, सुपारीएवढे झाले, फुटले, पुन्हा फुगले.

गणपतने अंगठ्याने साबण पुसला आणि नखाने खरवडले. नखात मेणाचा पिवळट कण आला. त्याने तो हुंगला. "इथून पाणी आत आलं, पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीवरून पुढं सरकलं. छताचा उतार पुढं आहे. म्हणून पडलं बिछान्यावर." मग त्याने खाली पाहून हाक मारली, "दत्ताराम, मागं दोन भोकं कुणी पाडली रे? मेण भरलंय."

"माझी नाय ती भोकां."

"तुझी नाय तर कुणाची? छतावर तूच होतास."

"गणपत, माका इचारतंस?" दत्ताराम उठून उभा राहिला होता. हातातला पॉलिशपेपर त्याने चुरगळला. "तीस वर्षां झाली. मेण भरीन मी?"

"मी पाडली," मानकर म्हणाले.

इतके लहान वाक्य त्यांनी बऱ्याच वर्षांत उच्चारले नव्हते. पुढची वाक्ये त्यांच्या मनात कालपासून रचून तयार होती: सोसायटीचा ठराव, उंबऱ्याचा मुद्दा, सुतळी आणि शिडी. त्यांतले एकही बाहेर आले नाही.

"गुढीसाठी. पाडव्याला. मेणही मीच भरलं."

ब्लोअर घरघरत होता. गणपतने पुढच्या उघड्या सांध्याकडे पाहिले. "कधी आठवलं?"

"काल."

"काल," गणपत म्हणाला. "आणि मी सकाळपासून खरवडतोय, तुम्ही शिडी धरून." तो उतरला आणि नळावर हात धुवायला गेला. दत्ताराम पुन्हा फळीपाशी बसला. मानकर छतावर एकटेच राहिले, आणि उतरताना शिडी धरायला कोणी आले नाही.

खाली आल्यावर ते दत्तारामसमोर उभे राहिले. "दत्ताराम, मी जे लिहिलं ते तुमच्याबद्दल होतं. मला माफ करा."

"माका लिवलेला वाचूक जमता," दत्ताराम फळीवरून हात न काढता म्हणाला. "माझ्या पोरान मोठ्यान वाचून पण दाखवल्यान. सगळ्यांच्या म्होरं." फळीवरचा भुसा फुंकून त्याने विचारले, "गुढी उभी ऱ्हायली बरोबर?"

"राहिली."

"मग झाला."

त्या सायंकाळी मानकरांनी समूहावर लिहिले: "छतावरील गळती मी स्वतः पाडलेल्या दोन भोकांमुळे झाली. सांधे उत्तम होते. दत्ताराम यांच्याविषयी मी लिहिलेले वाक्य खोटे होते." त्याला चार अंगठे मिळाले, त्यांतला एक सुमतीबाईंचा. दुसऱ्या दिवशी ते स्वतः दादरला डॉक्टर दीपक यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि गेल्या आठवड्यातच काम दुसरीकडे दिल्याचे सांगितले. "तुमचं पत्र फार मुद्देसूद होतं, मानकर," ते कौतुकाने म्हणाले. "माझ्या बायकोनं जपून ठेवलंय."

रविवारी मानकर पुन्हा शेडमध्ये गेले. डॉक्टरांकडे काय झाले ते त्यांनी सांगितले. गणपतने नुसती मान हलवली. भोकांवर आतून-बाहेरून पत्र्याची ठिगळे बसली होती. पुढचा सांधा दत्तारामने पुन्हा भरला होता. तो आज छतावर होता, हातात पाण्याचा पाइप घेऊन.

"आत बसा साहेब," गणपत म्हणाला. "बिछान्याच्या जागी. अर्धा तास पाणी सोडतो. थेंब पडला तर हाक मारा."

गादी काढून टाकलेली होती, वरचा प्लायही. मानकर उघड्या लोखंडी पट्ट्यांखाली, फळीवर, मान वर करून बसले. डोक्यावर पाणी धबाधबा आपटू लागले. दहा मिनिटे गेली, वीस गेली. एखादा तरी थेंब पडावा, बरोबर आपल्या कपाळावर पडावा, म्हणजे काहीतरी फिटल्यासारखे वाटेल, असे त्यांना वाटत राहिले.

"काय साहेब, सुका आसा मां?" दत्तारामने वरून विचारले.

त्यांनी हाताने वरची पट्टी चाचपली. बोटे कोरडी होती.

"कोरडं आहे," ते म्हणाले, आणि पाणी थांबेपर्यंत तसेच बसून राहिले.