लाभ, दोन, तीन

जिल्हा नवा झाला आणि पावसानं दडी मारली. वाडीत पाणी आलं नाही, पण पुस्तक आलं. रंगीत, गुळगुळीत, लहान पोरांना अंक शिकवायचं. वर आकडा, खाली तितकी चित्रं. एकाला हत्ती, दोनाला बदकं, तिनाला मासे. रेणापूरच्या पुढच्या त्या वाडीत मासे मोठ्या माणसांनीच तेवढे बघितले होते, नदीला पाणी होतं तेव्हा.

बालवाडी महादेवाच्या देवळात भरायची. तारामतीबाईंनी पहिलं पान उघडलं. "हे काय हाय?"

"म्हैस," चार वर्षांची रत्नम्मा म्हणाली. "पन बाई, हिला दोन्हीकडून शेपूट हाय."

पुस्तकासोबत निरोपही होता. जिल्ह्याहून साहेब येणार. पोरांनी दहापर्यंत मोजलं तर सरकारी गव्हाची पोती इथं राहणार, नाहीतर दुसऱ्या गावाला जाणार. त्या गव्हाच्या घुगऱ्या दुपारी पोरांना मिळायच्या. कितीतरी पोरांचं दिवसाचं पोटभर खाणं तेवढंच.

घुगऱ्या कमलम्मा शिजवायची. मापट्यानं गहू काढताना मोठ्यानं मोजायची, "लाभ, दोन, तीन..." पोरं भुकेली, नजर मापट्यावर. तीही सुरात म्हणायची. पुस्तक मागं राहिलं, मापटं पाठ झालं. बाईंनी हत्तीवर बोट ठेवून "किती?" विचारलं की सगळी ओरडायची, "लाभ!"

"कमलम्मा, साहेब येऊन जाईस्तोवर एक म्हणा की."

"पहिल्या मापाला एक म्हणत्यात व्हय? दाणा येकटा पडतोय. बरकत जाती."

"सरकारात एकच म्हणतात."

"तरीच."

लई विनवल्यावर ती एक दिवस 'एक' म्हणाली. त्याच दुपारी एक शेळी देवळात घुसली, पातेलं कलंडलं, आणि घुगऱ्या शेळीनं खाल्ल्या. शेळीला कुणी बोललं नाही. सगळं गाव बाईंकडं बघून राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाभ.

शेवटी साहेब जीपमधून उतरले. शिवमूर्ती साहेब. घडीची विजार, बोलणं छापील. त्यांनी स्वतः पुस्तक उघडलं. "बाळांनो, किती हत्ती?"

"लाभ!"

साहेबांनी बाईंकडं बघितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा लाभ, अजून जोरात. साहेबांनी पुस्तक मिटलं. "बाई, एकसुद्धा येत नाही? पोती जीपमध्ये टाका."

पोरांना वाटलं, आपलं बरोबर आलं. ती ताटल्या घेऊन ओळीनं बसली.

पण फोडलेल्या पोत्यातला गहू मोजल्याशिवाय उचलायचा नाही, असा नियम. आणि साहेबांचा कुणावर भरवसा नाही. बाह्या सारून ते स्वतःच पोत्याशी बसले. उदगीरच्या मोंढ्यात, बापाच्या धान्याच्या दुकानात त्यांचं लहानपण गेलेलं. मापटं हातात आलं आणि हात आपसूक वळला. भरलं, तळहातानं वर सपाट केलं, ओतलं.

"लाभ," साहेब म्हणाले.

ड्रायव्हरनं तोंड फिरवलं. साहेबांचा हात पोत्यातच राहिला. मग पोरंच पुढं ओरडली, "दोन!"

साहेबांनी दुसरं ओतलं. थांबता आलं नाही. "तीन! चार!" पोरं मापट्यासंगं डोलत होती. दहा झाली तेव्हा रत्नम्मा टाळ्या वाजवून म्हणाली, "बाई, सायबाला समदं येतंय!"

कमलम्मानं पदर तोंडाला लावला. साहेबांनी त्या छोट्या राशीवरून तळहात फिरवला.

"आमचे अप्पासुद्धा एक म्हणू देत नव्हते," ते हळूच म्हणाले. छापील बोलणं कुठं गेलं कुणास ठाऊक. मग सावरून ड्रायव्हरला म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोती. बाई, मी लिहितो, दोन ते दहा पक्कं येतंय."

"आणि एक?"

"त्याचं पुढच्या साली बघू."

जीप धुरळा उडवत गेली. कमलम्मानं चूल पेटवली. बाईंनी पुस्तक उचललं, तर पहिल्या पानावर हत्तीशेजारी कोळशानं काढलेलं एक वाकडंतिकडं, दोन शेपटांचं पिल्लू.

"कुणी केलं हे?"

"म्या," रत्नम्मा म्हणाली. "ती म्हैस येकटीच उभी होती."

बाईंनी पुसायला पदराचं टोक धरलं. मग तसंच सोडलं.

"बरं, सांग. आता किती?"

रत्नम्मानं बोट ठेवलं. "लाभ," ती म्हणाली, आणि पिल्लावर बोट नेलं. "दोन."