बॅरलबुवांचं सिद्ध लाकूड

अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर बँडची तालीमखोली आहे. त्या सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. क्लॅरिनेटवाले होतेच, पण क्लॅरिनेटशी काडीचा संबंध नसलेले ढोलवाले, त्यांच्या बायका, आणि चहाचे कप हातात घेऊनच वर आलेले खालचे दोन बंबवालेही भिंतीला चिकटून उभे होते. बाहेर कडाक्याची थंडी आणि खिडक्या मात्र सताड उघड्या. "नाद कोंडला की कुजतो," असं सांगून बुवांनी त्या उघडायला लावल्या होत्या. माणसं कुडकुडली तर चालत होतं.

भक्त त्यांना नादाचार्य म्हणत. मी बॅरलबुवा म्हणते.

बॅरल म्हणजे क्लॅरिनेट जिथून फुंकतात त्या टोकाच्या लगेच खाली बसणारा पोकळ लाकडी तुकडा. मुठीत मावेल एवढा. तो लांब असला की सूर उतरतो, आखूड असला की चढतो. पण एवढ्यावर कुणाचं पोट भरत नाही, म्हणून बुवांनी त्यात आत्मा घातला होता आणि अशी 'सिद्ध' बॅरलं ते गावोगाव विकत.

पहिला मान कानाच्या डॉक्टरांचा. ते बँडमधले सगळ्यात जुने क्लॅरिनेटवादक आणि माझ्या भाचीचे गुरू. त्यांनी आपल्या नेहमीच्या बॅरलवर एक सूर लावला. टेबलावर सूर मोजायचं यंत्र होतं. सूर बरोबर असला की त्याचा काटा मधोमध उभा राहतो. तो डावीकडे कलंडला. सूर उतरलेला.

"पाहिलंत? मेलेलं लाकूड!" बुवा कडाडले. मग कोटाच्या आतल्या, छातीजवळच्या खिशातून त्यांनी एक चकचकीत बॅरल काढलं. "हे झाड उभ्या जन्मात वादळापुढे वाकलं नाही. लाकूड ते विसरत नाही. डॉक्टर, हे लावा. आता मौनश्वास! आवाज न करता, सगळी भोकं बंद करून, सावकाश फुंकत राहा. तुमचा प्राण लाकडाला भेटू द्या."

डॉक्टर फुंकत राहिले. बुवा कंप, ऊर्जा, ब्रह्मांड असं काहीबाही पुटपुटत राहिले. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी सूर लावला आणि काटा मधोमध उभा राहिला, पहारेकऱ्यासारखा. खोलीत टाळ्यांचा पाऊस.

"उभा जन्म मी बेसूर जगलो हो!" डॉक्टरांचे डोळे भरून आले. दुसऱ्यांचे कान तपासणारा माणूस स्वतःचे कान बुवांच्या पायाशी ठेवून मोकळा झाला. जुनं बॅरल बुवांच्या कापडी पिशवीत गेलं. मेलेलं घरात ठेवायचं नसतं म्हणे. ती बॅरलं घासूनपुसून पुढच्या गावात सिद्ध होत असणार, असा माझा संशय आहे. पुरावा नाही, म्हणून तो बाजूला ठेवते.

मग डॉक्टरांनी माझ्या भाचीला पुढे ढकललं. दुपारी तिची शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदासाठी निवड-चाचणी होती. जागा एकच. तासभर जिन्याखाली सराव करून ती तशीच वर आली होती.

तिने सूर लावला. काटा मधोमध.

"झालं की! पोरगी पास!" एक बंबवाला ओरडला.

बुवांनी हात वर केला. "थांबा. मरणाऱ्याच्या चेहऱ्यावर शेवटी तेज येतं ना, तसं हे उसनं अवसान आहे. ठेव ते खिडकीत. निवू दे."

वाद्य खिडकीत गेलं. बुवांनी झाडांच्या पुनर्जन्मावर भलंमोठं प्रवचन दिलं. मग तिला पुन्हा वाजवायला सांगितलं. काटा सरळ डावीकडे झोपला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

"आणि मुली, खरा दोष लाकडाचा नाही," बुवांचा आवाज एकदम मऊ झाला, "कानाचा आहे. इतकी वर्षं मढं वाजवतेयस आणि तुला कळलंही नाही! असला कान घेऊन परीक्षेला उभी राहणार? सिद्ध बॅरल घेऊन जाशील तर कदाचित तरशील." त्यांनी छातीजवळच्या खिशातून आणखी एक बॅरल काढलं.

पोरीचा चेहरा उतरला. लहानपणी कुकरच्या शिट्टीचा सूर ओळखून सांगणारी ही मुलगी. वाद्य खिडकीत ठेवून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मला खरंच कळलं नाही गं. मी नाही जात दुपारी."

माझं डोकं फिरलं. "का हो आचार्य, मघाशी बरोबर वाजणारं लाकूड खिडकीत बसून मेलं कसं?"

"बाई, तुम्ही काय वाजवता?"

"दारं. रागावले की."

लोक हसले. बुवा हसले नाहीत. "मग तुम्हाला हे कळायचं नाही."

वाद्य पेटीत ठेवून द्यावं म्हणून भाचीने ते उचललं आणि तिचा हात थबकला. "केवढं गार पडलंय हे," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने बुवांच्या हातातलं सिद्ध बॅरल सरळ काढून घेतलं आणि गालाला लावलं. "आणि हे उबदार!"

ती वळली. "उलट करू या. आधी सिद्ध लावते, मग माझं."

"अगं, आचार्यांशी असं बोलतात?" डॉक्टर दटावायला गेले.

"सर, वाद्य तापल्याशिवाय सूर जुळवायचा नाही, हे मला कुणी शिकवलं?"

डॉक्टर दोन पावलं मागे सरकले.

"होऊन जाऊ द्या की!" बंबवाले ओरडले. सत्याची चाड कुणाला नव्हती, पण तमाशा सगळ्यांना हवा होता. क्लॅरिनेट आणि दोन्ही बॅरलं खिडकीत ठेवली.

"सिद्ध वस्तू गारठ्यात ठेवता?" बुवा कळवळले.

"वादळाला न वाकलेलं झाड ना ते?" मी म्हटलं. "झुळकेला काय घाबरतंय?"

सगळं गार झाल्यावर भाचीने सिद्ध बॅरल लावून सूर काढला. काटा डावीकडे. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग तिने स्वतःचं मढं चढवलं, सावकाश मौनश्वास केला, सूर लावला. मधोमध! तेवढ्यावर ती थांबली नाही. वाद्य चांगलं तापेपर्यंत वाजवत राहिली. आपल्या बॅरलवर काटा पुन्हा मधोमध दाखवला आणि मग सिद्ध बॅरल हाताच्या उबेत धरून चढवलं. काटा उजवीकडे पळाला. सूर चढलेला.

तिने दोन्ही बॅरलं खुर्चीवर शेजारी शेजारी उभी केली. सिद्ध बॅरल नखभर आखूड होतं.

"वाद्य गार असलं की आतली हवा गार, सूर उतरलेला," ती म्हणाली. "फुंकून तापलं की चढतो. आधी वाजतं ते नेहमी गार, नंतरचं तापलेलं. मग नंतरचंच जिंकणार ना! मौनश्वास म्हणजे नुसतं तापवणं. बॅरल निवडायचं ते तापलेल्या वाद्यावर, खालचे, मधले, वरचे सगळे सूर तपासून. आणि एकदा अदलाबदल करून पुरत नाही, परत पहिल्यावर येऊन बघायचं. हे आखूड लावून मी दुपारी त्या गरम हॉलमध्ये गेले असते, तर सगळ्यांच्या वर किंचाळले असते."

"अश्रद्धेच्या खोलीत नाद थांबत नाही," असं म्हणून बुवा आपलं सामान आवरू लागले. मी पिशवीवर पाय ठेवला, तेव्हा ती मात्र मागेच राहिली. चारपाच जण बुवांच्या मागोमाग जिना उतरून गेले, त्यांची क्षमा मागायला. डोळ्यांदेखत बघूनसुद्धा! या लोकांचा मला अजून राग येतो. बुवांचा तो धंदा होता. यांचं काय अडलं होतं?

डॉक्टर पिशवीत हात घालून आपलं बॅरल शोधत राहिले. सापडल्यावर भाचीकडे न बघता म्हणाले, "दुपारी तिकडे गेलीस की आधी वाद्य तापव. घाई करू नकोस."

"हो, सर," ती म्हणाली आणि त्यांच्या पाया न पडता, मान उंच ठेवून वाद्य पुसायला बसली.

तिची निवड झाली का, हे सगळे मला आधी विचारतात. झाली. पण ते विचारणंच चुकीचं आहे. ती नापास झाली असती, तरी गार क्लॅरिनेटचा सूर उतरलेलाच राहिला असता. खरं काय ते कुणाच्या यशावरून ठरत नाही, तपासून ठरतं. तेव्हा कुणी तुम्हाला आधीचं मेलेलं आणि नंतरचं सिद्ध दाखवू लागला, तर हात जोडू नका. क्रम उलटा करून मागा. खरं असेल ते उलट्या क्रमानेही खरंच ठरेल. आणि तो नाही म्हणाला, की तुमची तपासणी तिथेच पूर्ण झाली असं समजा.